बॉक्स सुरू केला की समोर कोण येतं, हे कोण ठरवतं?

मा. संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

टीव्हीवरच्या बातम्या एकतर्फी असतात ही तक्रार आता गल्लीतल्या कट्ट्यापासून सर्वोच्च न्यायालयापर्यंत सगळीकडे ऐकू येते. आपल्या पत्रव्यवहाराच्या सदरातही ती वरचेवर येते. मला तिच्या एक पायरी अलीकडचं सांगायचं आहे. चॅनेलवाले काय बोलतात यावर सगळे बोलतात; पण ते चॅनेल माणसाच्या डोळ्यांसमोर आलं कसं, आणलं कोणी, कशाच्या बदल्यात, याची चौकशी कोणी करत नाही. मी बेळगावच्या वडगाव-शहापूर भागात नव्वदच्या दशकापासून केबलचा व्यवसाय करतो. लोकांच्या बाहेरच्या खोलीत माझी रोजची ये-जा. कुठल्या घरात कुठल्या वेळी काय लागलेलं असतं, ते मुद्दाम बघावं लागत नाही, दिसतंच. गेल्या काही वर्षांत जे दिसलं त्याने मी बेचैन आहे, म्हणून हे पत्र. लांबलं तरी पूर्ण छापावं, ही विनंती.

आधी धंद्यातली गोष्ट सांगतो, कारण त्याशिवाय पुढचं पटणार नाही. सुरुवातीच्या काळात घरोघरच्या बऱ्याच टीव्हींना आठ नाहीतर बारा बटणं असायची. आमच्या गच्चीवरच्या खोलीत प्रत्येक चॅनेलला एक मॉड्युलेटर, म्हणजे त्याचा सिग्नल केबलवर चढवणारा डबा होता. खालच्या फ्रिक्वेन्सीवर चित्र स्वच्छ यायचं, वर जावं तशा मुंग्या यायच्या, आणि जुन्या टीव्हीवर वरचं काही लागायचंच नाही. खालच्या त्या पट्ट्याला प्राईम बँड म्हणत. तिथे जागा मिळावी म्हणून चॅनेलवाले मोठ्या शहरांतल्या नेटवर्कना पैसे मोजायचे. १९९५ च्या केबल कायद्यातही पुढे दूरदर्शनची काही चॅनेल प्राईम बँडवर दिलीच पाहिजेत असं कलम आलं. कुठलं चॅनेल कुठे बसतं यावर ते किती बघितलं जातं हे ठरतं, ही गोष्ट सरकारला तेव्हापासून माहीत आहे. किराणा दुकानात दर्शनी फळीवर लावलेला माल आधी उठतो, तसंच हे.

२०१५ ते २०१७ या काळात आमच्याकडे सेट टॉप बॉक्स आले आणि गच्चीवरची खोली रिकामी झाली. आता सिग्नल मोठ्या कंपनीच्या हेडएंडवरून, म्हणजे मुख्य केंद्रावरून, फायबरने येतो. कुठल्या नंबरवर काय, ते तिथेच ठरतं. आम्ही लाईन सांभाळतो, कलेक्शन करतो, बॉक्स बदलून देतो. तरी लोक मलाच विचारतात, "काका, हे चॅनेल तुम्ही का लावलंय?" ते माझ्या हातात राहिलेलं नाही, हे सांगूनही पटत नाही.

ट्राय, म्हणजे दूरसंचार नियामक प्राधिकरणाच्या २०१७ च्या नियमांत एक चांगली तरतूद आहे: एकाच प्रकारची चॅनेल एकत्र ठेवायची, त्यातही एका भाषेची सलग ठेवायची, आणि दिलेला नंबर वर्षभर बदलायचा नाही. पण त्या भाषेच्या गटात पहिलं कोण, शेवटचं कोण, हा सौदा राहतोच. आणि सगळ्यात मोठा सौदा नंबराचा नाहीच, तो आहे लँडिंग पेजचा.

बऱ्याच वाचकांना हे नाव माहीत नसेल. बॉक्स सुरू केला की आधी कंपनीचं नाव येतं, मग थोडा वेळ चक्र फिरतं, आणि मग एक चॅनेल आपोआप लागतं. ते तुम्ही निवडलेलं नसतं. काल रात्री झोपताना जे बघत होता तेही नसतं. त्या जागेसाठी कुणीतरी पैसे दिलेले असतात. ज्याला रिमोट चालवता येतो तो पुढे जातो. पण येळ्ळूर रोडच्या बाजूला माझ्या एक आजी ग्राहक आहेत, मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेल्या. त्यांना रिमोटवरचं लाल बटण कळतं आणि आवाजाचं कळतं. सून कामावर गेली की त्या टीव्ही लावतात आणि जे लागेल ते दुपारपर्यंत चालू असतं. मधे वीज गेली-आली की बॉक्स पुन्हा पहिल्यापासून सुरू होतो आणि पुन्हा तेच चॅनेल. सुनेने सकाळी भक्तिगीतं लावून दिलेली असली तरी वीज आल्यावर समोर चर्चेतली आरडाओरड. केशकर्तनालयात, चहाच्या हॉटेलात, दवाखान्यात नंबर लावून बसलेल्या लोकांसमोर असंच. दवाखान्यातली ती माणसं बातम्या बघायला आलेली नसतात. डॉक्टरांकडून बोलावणं येईपर्यंत तासभर त्यांच्या कानावर तेच आदळत राहतं.

डिसेंबर २०१८ मध्ये ट्रायने आदेश काढला होता की ज्या चॅनेलचं टीआरपी, म्हणजे ते किती बघितलं जातं हे, मोजलं जातं ते लँडिंग पेजवर ठेवू नये. मे २०१९ मध्ये दूरसंचार लवादाने तो आदेश रद्द केला. टीआरपीचा हिशोबही वाचकांनी समजून घ्यावा. देशात टीव्ही असलेली घरं वीस कोटींच्या वर, आणि मोजणीचे मीटर बसवलेली घरं पंचावन्न-साठ हजारांच्या आसपास. त्या मूठभर घरांत कुणाचं चॅनेल किती मिनिटं लागलं यावर जाहिरातीचा दर ठरतो. ऑक्टोबर २०२० मध्ये मुंबई पोलिसांनी टीआरपी घोटाळ्याचा गुन्हा दाखल केला. त्यानंतर वृत्तवाहिन्यांचे आकडे जाहीर करणंच थांबलं, ते मार्च २०२२ मध्ये पुन्हा सुरू झालं. म्हणजे मिनिटांची किंमत इतकी आहे की तिच्यापायी गोष्ट पोलिसात गुन्हा नोंदवण्यापर्यंत जाते. मग त्या मिनिटांसाठी पडद्यावर काय दाखवलं जात असेल, ते ओळखता येतं.

कुणी म्हणेल, चॅनेल समोर आलं म्हणून माणसाचं मत बदलतं का? लोक काय लहान मुलं आहेत? या प्रश्नाचं उत्तर अमेरिकेत शोधलं गेलं आहे, आणि योगायोगाने ते आमच्याच धंद्यातून शोधलं गेलं. तिथे १९८७ पर्यंत प्रसारण आयोगाचा नियम होता की वादाच्या प्रश्नावर दुसरी बाजूही दाखवली पाहिजे. तो नियम गेला, १९९६ मध्ये फॉक्स न्यूज सुरू झालं आणि उघडपणे एका पक्षाकडे झुकलेल्या बातम्यांचा बाजार वाढत गेला. ग्रेगरी मार्टिन आणि अली युरुकोग्लू या दोन अर्थशास्त्रज्ञांनी केबलच्या याद्या काढल्या. एका गावात फॉक्स खालच्या नंबरवर, दुसऱ्या गावात वरच्या. हा फरक त्या गावातल्या लोकांच्या राजकीय मतामुळे पडलेला नव्हता, केबल कंपनीच्या सोयीने पडलेला होता. जिथे नंबर खालचा तिथे लोक ते चॅनेल थोडं जास्त बघत होते, आणि तिथे रिपब्लिकन पक्षाची मतंही थोडी जास्त होती. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निबंधातला आकडा असा: नंबरामुळे आठवड्याला अडीच मिनिटं जास्त बघणाऱ्यांत त्या पक्षाच्या मतांचा वाटा ०.३ टक्के गुणांनी वाढतो. अडीच मिनिटं! आमच्या त्या आजींसमोर रोज चार-चार तास चालतं.

दुसरा एक प्रयोग मला याहून जास्त विचारात पाडून गेला. डेव्हिड ब्रुकमन आणि जोशुआ काला या दोन राज्यशास्त्रज्ञांनी सप्टेंबर २०२० मध्ये नेहमी फॉक्स बघणाऱ्या काही लोकांना तासाला १५ डॉलर देऊन महिनाभर फॉक्सच्या उलट सुराचं सीएनएन बघायला लावलं. ही माणसं आपल्या पक्षाची कट्टर. तरीही महिन्यात कोरोनासारख्या काही विषयांवर त्यांची माहिती आणि मतं हलली. जे आधी त्यांना दाखवलंच जात नव्हतं ते आता त्यांना कळत होतं. प्रयोग संपल्यावर बहुतेक जण जुन्या चॅनेलवर परत गेले आणि बदल बराचसा ओसरला. याचा अर्थ मी असा घेतो की चॅनेल खोटं सांगतं त्याहून, काय सांगायचंच नाही हे ठरवतं, त्याने जास्त नुकसान होतं. खोटं कधीतरी उघडं पडतं. जे दाखवलंच नाही ते माणूस कुठे शोधणार?

आता आपल्याकडचं. ६ डिसेंबर २०२२ ला बेळगावजवळच्या हिरेबागेवाडी टोलनाक्यावर महाराष्ट्राच्या नंबरच्या लॉऱ्यांवर दगडफेक झाली. त्याच दिवशी पुण्यात स्वारगेटजवळ कर्नाटकच्या बसना काळं फासलं गेलं. त्या संध्याकाळी मी वडगावातल्या एका गल्लीत होतो. समोरासमोरच्या दोन घरांना एकाच स्प्लिटरवरून (लाईनला फाटे फोडणारी डबी) लाईन गेली आहे, तो गंजला होता आणि दोन्हीकडे चित्र फुटत होतं. नवीन स्प्लिटर लावून आधी मराठी घरात सिग्नल बघायला गेलो. मुंबईचं चॅनेल लागलेलं. अर्ध्या स्क्रीनवर लॉरीची फुटलेली काच, तेच दृश्य फिरून फिरून. उरलेल्या अर्ध्यात चार चौकटी, चौकटीत चार माणसं, चौघं एकदम बोलतायत. खाली लाल पट्टी. मग समोरच्या कन्नड घरात गेलो. तिथे बेंगळुरूचं चॅनेल. अर्ध्या स्क्रीनवर बसच्या काचेवर पडणारा काळा रंग, तोही फिरून फिरून, आणि बाजूला चौकटीत ओरडणारी माणसं. भाषा सोडली तर पडदा तोच.

एका बाजूला सिग्नलची पातळी कमी येत होती म्हणून मला दोन्ही घरांत बराच वेळ थांबावं लागलं. मराठी घरातल्या वहिनी म्हणाल्या, "काका, हायवेला आपल्या गाड्या जाळायला लागलेत म्हणे?" समोरच्या घरातला माणूस मागावर बसणारा. त्याच्या साड्या घेणारा व्यापारी मराठी आहे, आणि मंगाईच्या यात्रेला दोन्ही घरचे पाहुणे एकमेकांकडे जेवून जातात. त्याने मला विचारलं, "अण्णा, पुण्यात आमच्या माणसांना मारायला लागलेत काय हो?" बातमी दगडफेकीची होती, जाळपोळीची नव्हती. बातमी बसला काळं फासल्याची होती, माणसं मारल्याची नव्हती. पण एकच काच शंभरदा फुटताना पाहिली की मनात शंभर काचा फुटतात. आणि वहिनींना स्वारगेटचं माहीत नव्हतं, त्या माणसाला हिरेबागेवाडीचं "काहीतरी झालंय" एवढंच माहीत होतं. कदाचित दुसरी बातमी खालच्या पट्टीवरून सरकून गेलीही असेल. पण मी तिथे होतो तेवढ्या वेळात दोन्ही घरांत ती मला दिसली नाही.

काही उद्योगसमूह असे आहेत की त्यांचीच एक वृत्तवाहिनी मराठीत आहे आणि एक कन्नडमध्ये. मालक एक, तिजोरी एक. समोरासमोरच्या घरांना दोन वेगळे शत्रू दाखवून दोन्हीकडची मिनिटं एकाच तिजोरीत जमा होऊ शकतात. आम्ही मात्र तिथेच एका नळाला पाणी भरतो.

यात पक्षाचा भाग आहे, आणि तो मला फार महत्त्वाचा वाटतो. २०२२ च्या डिसेंबरात बेंगळुरूत भाजपचं सरकार, मुंबईत भाजपच्या पाठिंब्याचं सरकार आणि दिल्लीतही भाजपच. सीमाप्रश्नावर सत्ताधाऱ्यांना जाब विचारायचा तर तिन्हीकडे एकाच पक्षाला विचारावा लागला असता. मी त्या दिवसांत ज्या चर्चा ऐकल्या त्यांत तो फारसा विचारला गेला नाही. त्याच्या जागी शेजारच्या भाषेच्या माणसाला आरोपी करून उभं केलं गेलं. १४ डिसेंबरला दिल्लीत गृहमंत्री अमित शहांनी दोन्ही मुख्यमंत्र्यांना बसवलं. नेत्यांच्या नावाने खोटी ट्विटर खाती काढून भावना भडकवल्या गेल्या, त्यांच्यावर गुन्हे नोंदवू, असं ठरलं. ते योग्यच झालं. पण वडगावात ट्विटर बघणारे किती? टीव्ही घराघरात आहे, आणि रात्री नऊला काय चाललं होतं यावर त्या बैठकीतून काही निघाल्याचं माझ्या वाचनात आलं नाही.

फेब्रुवारी २०२५ मध्ये चित्र थोडं बदललं होतं. बाळेकुंद्रीकडे बसमध्ये भाषेवरून वाद झाला, वाहकाला मारहाण झाली. मग चित्रदुर्गात महाराष्ट्राच्या एसटी चालकाला काळं फासलं गेलं, आणि दोन राज्यांमधली बससेवा काही दिवस थांबली. मारहाण वाईटच, काळं फासणंही वाईटच, दोन्हींत राबणारा माणूस भरडला गेला. आता बेंगळुरूत काँग्रेस आणि मुंबईत महायुती होती. त्यामुळे दोन वर्षांपूर्वी ज्या वाहिन्या सरकारांना हात लावत नव्हत्या, त्यांतल्या काहींना एकाएकी समोरच्या राज्याचं सरकार दिसू लागलं. बेळगाव तेच, प्रश्न तोच. पक्ष बदलल्यावर बातमीचा सूर बदलला, हे मी माझ्या ग्राहकांच्या घरी उभा राहून ऐकलं आहे.

याचा परिणाम कुणावर होतो ते सांगतो. चंदगड तालुक्यातली माणसं बाजाराला आणि दवाखान्याला बेळगावात येतात, पिढ्यान्पिढ्या येतात. अशा दिवसांत एमएच ०९ नंबरची गाडी घेऊन शहरात शिरायला ती घाबरतात. माझ्या ओळखीच्या एका शेतकऱ्याने आईची डोळ्यांची तपासणी पुढे ढकलली, का तर टीव्हीवर बेळगाव पेटलेलं दिसत होतं. त्या दिवशी गणपत गल्लीत नेहमीसारखी गर्दी होती, मी स्वतः खडेबाजारातून कनेक्टरची पाकिटं घेऊन आलो होतो. लग्नसराईत कोल्हापूरकडचं गिऱ्हाईक आलं नाही की शहापुरातला साडीवाला बसून राहतो, आणि त्याच्यामागे मागावरचा कन्नड विणकरही बसून राहतो. पुण्यातली माझी बहीण रडवेल्या आवाजात फोन करते. तिची समजूत घालण्यात अर्धा तास जातो आणि तरी तिचा विश्वास माझ्यापेक्षा पडद्यावर जास्त.

इथे कुणाचा गैरसमज नको. मी मराठी आहे आणि सीमाप्रश्नावर माझं मत लपवलेलं नाही. १ नोव्हेंबर १९५६ ला आम्हाला न विचारता म्हैसूर राज्यात घातलं गेलं, ते आमच्या घराने कधी मान्य केलं नाही. महाराष्ट्राने २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयात दावा दाखल केला, त्याचा निकाल लवकर लागावा आणि आमच्या बाजूने लागावा ही माझी इच्छा आहे. १ नोव्हेंबरच्या काळ्या दिनाला मी दुकान बंद ठेवतो. नेमकं म्हणूनच मुंबईच्या वाहिन्यांवर माझा राग जास्त आहे. दगड पडला की त्यांना आमची आठवण होते आणि काच गोळा झाली की आम्ही विसरले जातो. मराठी मुलांना मातृभाषेतून प्राथमिक शिक्षण मिळण्याची सोय राज्याने करावी, असं घटनेच्या ३५० (अ) मध्ये लिहिलं आहे. ३५० (ब) मध्ये भाषिक अल्पसंख्याकांसाठी विशेष अधिकारी नेमायचं म्हटलं आहे. सरकारी कागद मराठीतून मिळावेत म्हणून इथली माणसं वर्षानुवर्षं अर्ज करत आहेत, मोर्चे काढत आहेत. यावर एक तासाची शांत चर्चा मी कुठल्याही मराठी वाहिनीवर बघितलेली नाही. ती झाली असती तर आमचा प्रश्न महाराष्ट्रातल्या माणसाला समजला तरी असता. आज त्याला सीमाप्रश्न म्हणजे फुटलेली काच एवढंच माहीत आहे.

आणि बळ्ळारी नाला? पावसाळा आला की नाल्याचं पाणी वडगाव-शहापूर-येळ्ळूरच्या भातशेतीत घुसतं आणि पीक कुजतं. हलगा-मच्छे बायपाससाठी सुपीक जमिनी गेल्या, त्यावर शेतकरी किती वर्षं झगडले. या शेतांत मराठी बांध आहे आणि त्याला लागून कन्नड बांध आहे, पाणी दोघांच्या भातात शिरतं. नाल्याची बातमी आपल्यासारखी स्थानिक वृत्तपत्रं देतात, म्हणून तर ती कळते. बेंगळुरूच्या आणि मुंबईच्या पडद्यावर तिला जागा नाही, कारण तिच्यात दोन बाजूंना उभं करून ओरडायला लावता येत नाही.

तरुण मंडळी म्हणतात, आता टीव्ही कोण बघतो, सगळं मोबाईलवर असतं. खरं आहे, पण व्हॉट्सॲपवर जी चित्रफीत फिरते तिच्या कोपऱ्यात बघा, बऱ्याचदा चॅनेलचंच चिन्ह असतं.

तक्रार कुठे करायची हा प्रश्न राहतो. वाहिन्यांनी काय दाखवू नये याचे नियम आहेत. केबल नियमावलीतला नियम ६ म्हणतो की कार्यक्रमात जाणूनबुजून केलेली खोटी सूचक विधानं आणि अर्धसत्य नसावं, हिंसेला चिथावणी नसावी, आणि एखाद्या भाषिक किंवा प्रादेशिक समूहाचं बदनामीकारक, हिणवणारं चित्रण नसावं. भाषिक समूह असा स्पष्ट उल्लेख तिथे आहे. बेळगावसारख्या जिल्ह्याला याहून उपयोगी नियम कुठला हवा? आधी वाहिनीकडे लेखी तक्रार करायची. २०२१ च्या दुरुस्तीनुसार तिने २४ तासांत पोच द्यायची आणि १५ दिवसांत निर्णय द्यायचा. समाधान झालं नाही तर वाहिनी ज्या संघटनेची सदस्य असेल तिच्या नियामक मंडळाकडे जायचं. त्यांतल्या सगळ्यात मोठ्या मंडळाचा नियम असा की कार्यक्रम दाखवल्यापासून सात दिवसांच्या आत वाहिनीकडे पहिली तक्रार गेली पाहिजे. सात दिवस निघून गेले की आपण कितीही खरं बोलत असू, उपयोग होत नाही.

या वाटेने काही होत नाही असं म्हणणाऱ्यांना एक उदाहरण देतो. २०२० च्या कोरोनाकाळात तबलिगी जमातीच्या निमित्ताने एका समाजाविरुद्ध जे प्रसारण झालं, त्याबद्दल बेंगळुरूतल्या नागरिकांच्या एका गटाने तक्रार केली. वर्ष उलटून गेलं, पण जून २०२१ मध्ये निकाल आला: एका कन्नड वाहिनीला एक लाख रुपये दंड आणि माफी, दुसरीला पन्नास हजार. रक्कम लहान आहे हे खरं. ऑगस्ट २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही विचारलं होतं की एक लाखाचा दंड म्हणजे कार्यक्रमाच्या कमाईपुढे काय? तो वाढलाच पाहिजे. शिवाय सगळ्याच वाहिन्या या मंडळाच्या सदस्य नाहीत. तरी एवढं सिद्ध झालं की सामान्य माणसांनी तारीख-वेळेसह नीट लिहिलं तर वाहिनीला उत्तर द्यावं लागतं. सीमाभागातून अशा किती तक्रारी गेल्या? माझ्या ओळखीत तरी कुणी केलेली नाही. आम्ही कट्ट्यावर बसून शिव्या देतो आणि बॉक्स पुन्हा सुरू करतो.

माझं मागणं आधी माझ्याच धंद्यातल्या कंपन्यांकडे आहे. बेळगाव, उत्तर कन्नड (कारवार), बिदर या सीमाभागातल्या जिल्ह्यांत लँडिंग पेजवर कुठलीही वृत्तवाहिनी ठेवू नका, ना मराठी, ना कन्नड, ना हिंदी. बॉक्स शेवटी बघितलेल्या चॅनेलवर उघडता येतो, तशी सोय अनेक बॉक्समध्ये आहे. तेवढी मिळकत सोडावी लागेल, पण लाईन आमच्या गल्ल्यांतून जाते आणि भांडण झालं तर तुटतेही आमच्याच गल्लीत. दुसरं, मराठी बातम्यांचा गट संपला की लगेच पुढच्या नंबरपासून कन्नड बातम्यांचा गट ठेवा. आज दोन्हींमध्ये शेकड्यांचं अंतर असतं. वडगावात बहुतेकांना दोन्ही भाषा समजतात. रिमोटचं वरचं बटण दाबत गेलं की समोरच्या घरात काय दाखवलं जातंय ते कळेल एवढं तरी होऊ द्या. एका भाषेची चॅनेल सलग ठेवायची हा ट्रायचा नियम यात कुठेही मोडत नाही.

आपल्याकडेही एक मागणं आहे. सीमेवर काही घडलं की दुसऱ्या दिवशीच्या अंकात एक चौकट द्यावी: प्रत्यक्ष काय झालं, किती वाजता, कुठल्या ठिकाणी, मुंबईच्या वाहिन्यांनी काय दाखवलं, बेंगळुरूच्या वाहिन्यांनी काय दाखवलं, आणि दोघांनी काय गाळलं. आपले बातमीदार घटनेच्या जागी असतात, दोन्ही भाषा जाणतात. हे काम आपल्याइतकं चांगलं दुसरं कोणी करू शकणार नाही. आपल्याबरोबर इथल्या एखाद्या कन्नड दैनिकाने तीच चौकट कन्नडमध्ये छापली तर फारच बरं.

वाचकांनी तणावाच्या दिवशी आक्षेपार्ह वाटलेला भाग मोबाईलवर टिपून ठेवावा. चॅनेलचं नाव, तारीख, वेळ, निवेदक नेमकं काय म्हणाला, पट्टीवर काय लिहिलं होतं, हे त्याच रात्री कागदावर उतरवावं. राग दुसऱ्या दिवशी उतरतो आणि शब्द विसरतात. मराठी माणसाने मराठी वाहिनीविरुद्ध आणि कन्नड माणसाने कन्नड वाहिनीविरुद्ध तक्रार केली तर तिला जास्त वजन येईल, असं मला वाटतं. मी स्वतः मुंबईच्या वाहिनीविरुद्ध करायला तयार आहे. समोरच्या घरातल्या त्या विणकराशीही बोललो आहे, तो बेंगळुरूच्या वाहिनीविरुद्ध सही करायला तयार आहे.

तक्रारीचा नमुना मी मराठीत तयार केला आहे, कन्नडमध्ये त्याच्या मुलीने लिहून दिला, ती कॉलेजला आहे. दोन्ही कागद या पत्रासोबत जोडले आहेत. जागा अगदीच नसेल तर पत्र थोडं कापा, पण नमुने मात्र जसेच्या तसे छापावेत.

आपला,
एक केबल व्यावसायिक
वडगाव, बेळगाव
(नाव व पत्ता संपादकांकडे दिला आहे.)